तो शब्द राहू द्या, आधी दुसरा नमुना पाठवा

ताई, ग्वाल्हेरच्या तुमच्या भाचीचा पाय एकाएकी लुळा पडला, पोलिओचे डोस तर सगळे झालेले, आणि आता तुमची धास्ती अशी की लशीतला विषाणू दुसऱ्याशी जुळून 'रिकॉम्बिनंट' झाला असेल तर आजार आणखी वाढेल. 2007 च्या मे महिन्यात, इंदूरला रामबागेत, माझा मुलगा असाच पडून होता. मी डॉक्टर नाही, पण तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचलंय.

जुळणी होते, हे खरं. सेबिन लशीचा, म्हणजे पोलिओच्या तोंडाने द्यायच्या लशीचा, विषाणू आणि त्याच्याच गटातला एखादा कॉक्सॅकी विषाणू एकाच पेशीत शिरले की आरएनएची, म्हणजे विषाणूच्या जनुकीय धाग्याची, नक्कल होताना तुकडे बदलले जातात. कवच सहसा लशीचंच राहतं, आतली प्रथिनं परक्याची येतात. 2000-01 ची हैती-डॉमिनिकन रिपब्लिकची साथ अशाच जुळलेल्या, टाइप 1 प्रकारच्या पोलिओ विषाणूची होती. पण लकव्याचं मूळ मुख्यतः वेगळं आहे: लशीला मवाळ ठेवणारे मोजके बदल उलटतात. जुळणी म्हणजे माझ्या मते विषाणू बरेच दिवस माणसांत फिरल्याची खूण. भाचीच्या उपचारात या जुळणीने काहीच फरक पडत नाही.

आणि हे सगळं कळणार कधी? नमुना चांगला पोचला तर. आमचं घोडं तिथेच अडलं. शौचाचे दोन नमुने, किमान 24 तासांच्या अंतराने, लकव्यापासून 14 दिवसांच्या आत. आमचा दुसरा शनिवारी तयार होता. एका कार्यालयातले साहेब म्हणाले, "सोमवारी आणा, घाई काय आहे?" मी ऐकलं. सोमवारी थर्मासातल्या बर्फाचं पार पाणी झालेलं, डबीवरचं लेबल सुटून त्यात तरंगत होतं. आणि तो पंधरावा दिवस होता. 60 दिवसांनी तपासणी झाली, पाय अशक्तच होता. शेवटी कागदावर आलं 'पोलिओ-कम्पॅटिबल'. म्हणजे होता असंही नाही, नव्हता असंही नाही. कुठला विषाणू, जुळलेला की साधा, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. मुलगा कॅलिपर लावून कामावर जातो आणि मला अजून तो शनिवार आठवतो.

म्हणून सांगते, सुट्टी असो की साहेब नसोत, रोज पोलिओ-निगराणीवाल्यांना फोन करा. बर्फ सकाळ-संध्याकाळ बदला. नमुना घेतल्याची तारीख-वेळ स्वतःकडे लिहून ठेवा, लसीकरण कार्डाचा फोटो काढा. आणि ताप असताना त्या पायात कुणी उगाच इंजेक्शन देत असेल तर सरळ अडवा. त्याने लकवा वाढू शकतो. घरातल्या बाकी मुलांचे डोस मात्र भीतीने थांबवू नका.

लकवा कुठल्या तारखेला सुरू झाला, तेवढं कळवा. दिवस मोजून सांगते.