दुसरी बॉडी, टेली की मिररलेस?

प्रश्न: एका दैनिकात नुकताच शिकाऊ फोटोग्राफर म्हणून लागलोय. माझ्याकडे एक क्रॉप (लहान) सेन्सरची डीएसएलआर आणि तिच्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स, बस. थोडे पैसे जमलेत. लांबचं टिपणारी मोठी टेली लेन्स घेऊ का, की हे सगळं विकून मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेऊ? आणि फोटो रॉमध्ये (प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) काढायचे की जेपेगमध्ये (कॅमेऱ्यातच तयार झालेली छोटी फाइल)?

उत्तर: आत्ता दोन्ही नको, आधी दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घ्या. सेकंडहँड चालेल, फक्त माउंट (लेन्स बसवायची खाच) तोच हवा आणि दोन कार्डांचे स्लॉट हवेत. लेन्स बदलायला खाली मान घातली की नेमकं तेव्हाच काहीतरी होतं, शिवाय धुळीत लेन्स काढली की सेन्सरवर ठिपके बसतात ते वेगळंच, आणि एक कॅमेरा ऐनवेळी बंद पडला तर डेस्कला काय सांगणार? म्हणून तर बहुतेक जण एका बॉडीवर २४-७० आणि दुसरीवर ७०-२०० चढवूनच फिरतात, दोन्ही एफ २.८ च्या (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत). तुमची किट लेन्स ५५ ला एफ ५.६ वर जाते, म्हणजे तिला जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, कमी तितका फोटो स्वच्छ) ६४०० लागेल तिथे २.८ वाल्याचं काम १६०० मध्ये होतं. २.८ चे झूम महाग असतात, मग तोवर दुसऱ्या बॉडीवर ५० ची एफ १.८ लावा, एवढीशी लेन्स पण ५.६ च्या जवळजवळ दहापट उजेड घेते.

मिररलेसचा खरा फायदा म्हणजे आवाज न करणारा शटर, शोकसभेत वगैरे सोनंच. पण त्या मोडमध्ये काही एलईडी लाइटखाली फोटोत पट्टे येतात, आणि एकूणच मिररलेसची बॅटरी डीएसएलआरपेक्षा लवकर संपते, तेव्हा घेतलीत तर जास्तीच्या बॅटऱ्या धरूनच बजेट करा.

रॉ की जेपेग? दोन्ही. एका कार्डावर रॉ, दुसऱ्यावर जेपेग, आणि पाठवायची जेपेगच, कारण डेस्कला फोटो आत्ता हवा असतो, तासाभराने नाही. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने तर २०१५ मध्येच फ्रीलान्सरना सांगून टाकलं की रॉवरून बनवलेले फोटो नकोत, कॅमेऱ्यातूनच निघालेली जेपेग द्या, आणि कारण नुसतं वेगाचं नव्हतं, फोटो कमीत कमी बदललेला असावा हेही होतं. फोटो छापून येईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.

हो, आणि दोन बॉड्या झाल्या की दोन्हींची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा (हे कोणी सांगत नाही!), नाहीतर लॅपटॉपवर फोटो मागेपुढे होतात आणि एकाचं नाव दुसऱ्याच्या कॅप्शनमध्ये जातं. नावं लिहायला खिशात छोटी वही ठेवा, गर्दीत फोनवर टाइप करत बसण्यापेक्षा बरी.

मोठी टेली म्हणजे ४०० ची म्हणत असाल तर आधी ऑफिसात विचारा, बऱ्याच पेपरांकडे सगळ्यांत मिळून अशी एखादी असते, मॅचच्या दिवशी सही करून न्यायची.