सर्जरीतल्या एम. एस. नंतर व्हॅस्क्युलर सर्जरी (रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया) घेतली तर पुढे काम उरेल का?

सगळं कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेवर बघत रक्तवाहिनीत वायर आणि नळ्या घालून काम करतात त्या खोलीत चाललंय, मग चाकू धरणाऱ्याचं काय होणार, हा तुमचा प्रश्न. मी ठाण्यात जनरल सर्जन आहे. आमच्याकडे व्हॅस्क्युलरचा माणूस नव्हता तेव्हा त्यांची बरीच कामं आमच्याच गळ्यात असायची, म्हणून उत्तर देतोय.

काम भरपूर उरेल. फक्त ऑपरेशनं मोजून ते दिसणार नाही.

आधी आमचंच बघा. आमच्या शिक्षकांच्या ऑपरेशनच्या लिस्टवर अल्सरची व्हेगोटॉमी (जठरातलं आम्ल कमी करायला मज्जातंतू कापणं) हमखास असे. आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल आलं, अल्सर करणाऱ्या एच. पायलोरी जंतूवर अँटिबायोटिक्स आली आणि ते काम गोळ्यांनी नेलं. पित्ताशयाचं उलटं झालं. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, भारतातलं ते पहिलं. पुढे ते गावोगाव पोचलं. पेशंट लवकर घरी जायला लागला तशी खाट लवकर रिकामी होऊ लागली आणि लिस्ट लांबली. डिस्चार्ज कार्ड लिहिणारा रेसिडेंट मात्र तोच!

व्हॅस्क्युलरमध्येही पोटातल्या महाधमनीचा फुगा आता बऱ्याचदा मांडीतून स्टेंट ग्राफ्ट घालून बंद करतात. व्हेरिकोज व्हेन्सच्या, म्हणजे पायातल्या फुगलेल्या शिरा ओढून काढण्याऐवजी लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी. ही ठरवून करायची, नीटनेटकी कामं बऱ्याच ठिकाणी रेडिओलॉजिस्टही करतात, काही ठिकाणी कार्डिओलॉजिस्टही.

बाकी उरतो तो मधुमेहाचा पाय. ठाणे-कळव्याकडे शहापूर, मुरबाडहून पेशंट येतात. लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून पायाला काय टोचलं ते कळलेलंच नसतं, कारण संवेदनाच गेलेली असते. बोट काळं पडल्यावर घरचे घेऊन येतात. अशा एका पायाला डॉप्लर (रक्तप्रवाहाची तपासणी), अँजिओप्लास्टी, बोट काढणं, मग महिनोन् महिने ड्रेसिंग. रजिस्टरमध्ये दोन ओळी, प्रत्यक्षात अर्धं वर्ष. आणि पुढे दुसरा पाय असतोच.

तसंच डायलिसिसच्या फिश्चुलाचं, म्हणजे सुया घालता याव्यात म्हणून हातातली धमनी आणि शीर जोडतात त्याचं. गावोगाव डायलिसिस सेंटरं झाली, ते चांगलंच झालं. पण फिश्चुला कोणीतरी करावा लागतो, तो पिकायला, म्हणजे वापरण्याजोगा व्हायला साधारण दीड महिना जातो आणि कधीतरी बंदही पडतो, मग त्यावरची थरथर थांबते. ‘डॉक्टर, हाताला थरथर लागत नाहीये’ हा फोन बहुधा संध्याकाळीच येतो. अचानक रक्त अडून गार पडलेला पाय त्याहून वाईट, तिथे हातात साधारण सहा तास असतात आणि त्यातले काही घोडबंदर रोडवरच गेलेले असतात. ही कामं पुढे ढकलता येत नाहीत, त्यामुळे रात्री तुमच्या.

तेच तेच पेशंट वर्षानुवर्षं बघायचा कंटाळा नसेल तर जरूर घ्या. एक काम करून पुढच्याकडे वळायला आवडत असेल तर जनरल सर्जरीतच सुखी राहाल, आणि त्यात कमीपणा काही नाही.

व्हॅस्क्युलरच्या पुढच्या शिक्षणाची, एम. सीएच. किंवा डीआरएनबीची सीट निवडताना बाहेर पडणाऱ्या रेसिडेंटला गाठा. वरिष्ठांना नको, ते छानच सांगतील. कॅथलॅबमध्ये वायर त्याच्या हातात असते की तो नुसता लेड ॲप्रन घालून उभा असतो, एवढं विचारा. उभाच असेल तर ती सीट सोडा.