सेलमला शनिवारी गाडीने? मी केलेली चूक सांगतो

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी जखम ठसठसली. आई-बाबा भारतातून आलेत, ऑक्टोबरातला शनिवार, बॉस्टनहून गाडीने सेलम, एका दिवसात चार म्युझियम. सेम टु सेम आमचा प्लॅन होता!

बुकिंग वगैरे तुम्ही करालच. माझी चूक गाडीची. १६९२मध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालले ते हे गाव, त्यामुळे हॅलोवीनच्या (भुताखेतांच्या सणाच्या) निमित्ताने ऑक्टोबरात तिथे जत्रा असते. गावाच्या तोंडाशीच तासभर खोळंबलो, मग पार्किंगसाठी चकरा. चेटकिणींच्या एका 'म्युझियम'ची पाच तिकिटं ११ची होती, आम्ही पोचलो ११:२०ला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, ईमेल करा. केला. आठ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर : पैसे परत मिळत नाहीत. नाव घेत नाही, आता नियम बदललेही असतील. पण त्या दिवशी हट्टाने पुन्हा तिकिटं काढून आत गेलो, तर अंधार, पुतळे आणि स्पीकरमधून किंकाळ्या. बाबा म्हणाले, "यात जुनं काय आहे रे?" काय सांगणार, कप्पाळ!

तिथे म्युझियमची पाटी कुणीही लावतं, हे माझं मत (पोरांना किंकाळ्याच आवडल्या, ते सोडा). खरं जुनं बघायचं तर पीबडी एसेक्स म्युझियम. १७९९मध्ये सेलमच्या जहाजी कप्तानांनी सोसायटी काढली. केप ऑफ गुड होप (आफ्रिकेच्या दक्षिणेला) किंवा केप हॉर्नपलीकडे (दक्षिण अमेरिकेच्या टोकाला) जाऊन आलेल्यालाच सभासदत्व. त्यांनी आणलेल्या वस्तूंतून हा संग्रह उभा राहिला. मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचं चित्रही त्यात आहे. नेहमी मांडलेलं असेलच असं नाही, आधी विचारा. हुसेन वगैरे आपल्या आधुनिक चित्रकारांचा मोठा संग्रहही इथेच आहे. अर्धा दिवस इथेच द्या. सुट्टीचा वार मात्र तपासून घ्या.

१६६८चं सेव्हन गेबल्सचं घर सुंदर आहे, पण आतला चोरजिना अरुंद, वळणावळणाचा. आईंचे गुडघे कसे आहेत? (मी डॉक्टर नाही, पण आमच्या आईने दुसऱ्या दिवशी अंथरूण धरलं.) १६९२च्या खटल्यांशी थेट संबंध असलेली गावात उरलेली वास्तू एकच, न्यायाधीश कॉर्विनचं घर. वेळ उरला तरच बघा.

आणि कार नकोच. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून ट्रेन पकडा, अर्ध्या तासात सेलम. स्टेशनवरून चालत जाता येतं.

जुन्या दफनभूमीला लागून खटल्यातल्या २० बळींचं स्मारक आहे, फुकट. भिंतीतून २० दगडी बाकं काढलीत, एकेकावर एकेक नाव. लोक त्यावर कॉफीचे कप ठेवतात. आई थकून बसायला गेली, नाव वाचलं आणि उभीच राहिली. तेव्हा घडीचं स्टूल न्या, वॉलमार्टात स्वस्त मिळतं.