वाचक विचारतात : ग्रंथालय, माहिती आणि माध्यमे यांची विद्यापीठीय संशोधन केंद्रे

प्रश्न : काही विद्यापीठांत ग्रंथालयशास्त्र, माहितीशास्त्र, वृत्तपत्रविद्या आणि संज्ञापन या विषयांचे संशोधन एकाच केंद्रात चालते. पुस्तकांचे वर्गीकरण करणारा ग्रंथपाल आणि दूरचित्रवाणीचा अभ्यास करणारा माध्यम-संशोधक यांचा एकमेकांशी काय संबंध? ही केवळ प्रशासकीय सोय आहे का?

उत्तर : काही ठिकाणी ती केवळ सोयच असते, हे आधीच मान्य करतो. परंतु या विषयांचे नाते अशा सोयींपेक्षा बरेच जुने आहे. कार्नेगी कॉर्पोरेशनच्या देणगीतून १९२६ साली शिकागो विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर संस्था स्थापन झाली आणि या विषयात डॉक्टरेट मिळण्याची सोय प्रथम तेथे झाली. तेथील डग्लस वेपल्स यांनी कपाटांतील पुस्तकांवरून लक्ष काढून ते वाचणाऱ्या माणसावर केंद्रित केले. लोक काय वाचतात, ते का वाचतात आणि वाचल्यामुळे त्यांच्यात काही बदलते का, हे त्यांचे प्रश्न होते. याच प्रश्नांतील ‘वाचणे’ या क्रियापदाच्या जागी ‘ऐकणे’ किंवा ‘पाहणे’ घातले की माध्यम-संशोधन सुरू होते.

हे स्थित्यंतर एकाच व्यक्तीच्या कारकिर्दीत पाहायचे असेल तर बर्नार्ड बेरेलसन यांच्याकडे पाहावे. शिकागोच्या या ग्रंथालय-संस्थेत १९४१ साली डॉक्टरेट मिळवणारे बेरेलसन पुढे कोलंबिया विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांच्याबरोबर मतदारांवरील प्रचाराच्या प्रभावाचा अभ्यास करू लागले आणि काही वर्षांनी त्याच ग्रंथालय-संस्थेचे अधिष्ठाता म्हणून परतले. १९४५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये वृत्तपत्रे पोहोचवणाऱ्या कामगारांनी दोन आठवड्यांहून अधिक काळ संप केला, तेव्हा वृत्तपत्र नसल्यामुळे नेमके काय अडते, हे बेरेलसन यांनी वाचकांना सविस्तर मुलाखती घेऊन विचारले. जगातील घडामोडी कळण्यासाठी वृत्तपत्र हवेच, असे बहुतेकांनी सांगितले. पण कोणती विशिष्ट बातमी चुकते आहे, हे फार थोड्यांना सांगता आले. खरी उणीव भासत होती ती रेडिओचे कार्यक्रम, जाहिराती, निधनवार्ता यांसारख्या दैनंदिन उपयोगाच्या मजकुराची, चारचौघांत बोलायला लागणाऱ्या विषयांची आणि रोज काहीतरी वाचण्याच्या सवयीची. ग्रंथालयात वाचकाचे निरीक्षण करण्याची सवय असलेल्या माणसालाच हा प्रश्न इतक्या साधेपणाने सुचला असावा, असे मला वाटते.

प्रश्न : ग्रंथालयशास्त्रात संशोधन करण्यासारखे मुळात काय आहे? ग्रंथांच्या तालिका आणि विषयवार वर्गांक ही कौशल्याची कामे झाली. त्यांना विज्ञान कसे म्हणायचे? (हा प्रश्न एका अभियंत्याने विचारला आहे.)

उत्तर : आपण शोधयंत्रात शब्द टाकून उत्तरे मिळवत असाल, तर आपण एका ग्रंथपालाच्या प्रयोगांचा रोज उपयोग करत आहात. सिरिल क्लेव्हर्डन हे इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथील विमानविद्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल होते. हेच महाविद्यालय पुढे विद्यापीठ झाले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात निर्देशन-पद्धतींचे (दस्तऐवज शोधता यावा म्हणून त्याला विषयदर्शक संज्ञा किंवा वर्गांक देण्याच्या पद्धतींचे) पुरस्कर्ते आपापली पद्धत श्रेष्ठ असल्याचे ठामपणे सांगत. मात्र कोणी ते मोजून दाखवत नसे. क्लेव्हर्डन यांनी १८,००० दस्तऐवज घेऊन चार निरनिराळ्या पद्धतींनी त्यांचे निर्देशन करून घेतले आणि १,२०० प्रश्न विचारून प्रत्येक पद्धत हवा तो दस्तऐवज शोधून देते की नाही, हे तपासले. चारही पद्धतींच्या यशात फारसा फरक आढळला नाही. अनेकांना हा निष्कर्ष रुचला नाही आणि प्रयोगाच्या रचनेवर आक्षेपही घेतले गेले.

त्या आक्षेपांची दखल घेऊन १९६० च्या दशकात त्यांनी दुसरा, अधिक काटेकोर प्रयोग केला. या वेळी दस्तऐवज १,४०० च होते. मात्र प्रत्येक प्रश्नासाठी कोणते दस्तऐवज खरोखर उपयुक्त आहेत, हे आधीच ठरवून ठेवले होते. त्यामुळे दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजता आल्या : उपयुक्त दस्तऐवजांपैकी किती सापडले, आणि सापडलेल्यांपैकी किती उपयुक्त होते. पहिल्या मापाला रिकॉल आणि दुसऱ्याला प्रिसिजन म्हणतात. एक वाढवायला जावे तर बहुधा दुसरे घटते, हे या प्रयोगांतून आकड्यांनिशी दिसले. त्याहून धक्कादायक निष्कर्ष असा की, तज्ज्ञांनी परिश्रमपूर्वक रचलेल्या नियंत्रित पदावल्यांपेक्षा (म्हणजे निर्देशनासाठी आधीच ठरवून दिलेल्या संज्ञांच्या याद्यांपेक्षा) दस्तऐवजातूनच उचललेले सुटे शब्द शोधासाठी अधिक चांगले ठरले. आपल्या व्यवसायाच्या अभिमानाला छेद देणारा निष्कर्ष एका ग्रंथपालाने स्वतःच प्रसिद्ध केला, ही बाब मला त्या निष्कर्षाइतकीच महत्त्वाची वाटते. ठरावीक दस्तऐवज, ठरावीक प्रश्न आणि आधी नोंदवलेली उत्तरे हा क्रॅनफिल्डचा साचा १९९२ पासून अमेरिकेत ट्रेक या नावाने चालणाऱ्या शोध-प्रणालींच्या परीक्षणांत आजही वापरला जातो.

वर्गीकरणामागचे तत्त्वचिंतन हा आणखी वेगळा प्रांत आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९६२ साली बंगळूरमध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेअंतर्गत प्रलेखन (दस्तऐवजांची नोंद व मांडणी) संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले. ग्रंथालयशास्त्राचे केंद्र संख्याशास्त्राच्या संस्थेत असावे, यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. रंगनाथन स्वतः मूळचे गणिताचे अध्यापक होते.

प्रश्न : विद्यापीठात विभाग असताना वेगळे संशोधन केंद्र कशासाठी?

उत्तर : विभागाचे वेळापत्रक सत्रांवर आणि परीक्षांवर चालते, तर काही प्रश्न सत्रात मावत नाहीत. लाझार्सफेल्ड यांच्या गटाने १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओहायो राज्यातील एरी काउंटीतील ६०० मतदारांच्या एकाच गटाला मे ते नोव्हेंबर या काळात वारंवार भेटून प्रश्न विचारले. रेडिओ आणि वृत्तपत्रांच्या प्रचाराने मत बदललेले लोक अपेक्षेपेक्षा फारच थोडे निघाले आणि ओळखीच्या माणसांचे बोलणे अधिक परिणामकारक दिसले. अशा कामाला प्रशिक्षित मुलाखतकार, सांख्यिकी जाणणारे सहायक आणि सलग चालणारा निधी लागतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात माध्यम-संशोधक जॉर्ज गर्बनर यांनी १९६७ पासून दूरचित्रवाणीवरील हिंसेची दरवर्षी मोजणी सुरू केली आणि ती अनेक वर्षे चालवली. एका प्रबंधाच्या मुदतीत हे शक्य झाले नसते. ज्या केंद्राकडे असे दीर्घकाळ चालणारे काम नाही, ते माझ्या मते नावापुरतेच केंद्र आहे.

प्रश्न : अशा केंद्रांना माध्यम-कंपन्या आणि तंत्रज्ञान-कंपन्या पैसा पुरवतात. मग त्यांच्या अहवालांवर विश्वास का ठेवावा?

उत्तर : ही शंका योग्य आहे, मात्र ती नवी नाही. लाझार्सफेल्ड यांचा रेडिओविषयक प्रकल्प १९३७ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशांवर सुरू झाला आणि व्यक्तिगत प्रभावाविषयीचा त्यांचा अमेरिकेच्या डिकेटर शहरातील प्रसिद्ध अभ्यास एका मासिक-प्रकाशकाच्या पैशांवर झाला. कोणाची मते इतरांपर्यंत पोहोचतात, हे जाणण्यात प्रकाशकाचा व्यापारी स्वार्थ उघड होता. तरीही त्या अभ्यासातून जे कळले ते टाकाऊ ठरत नाही. मात्र कोणता प्रश्न विचारला गेला आणि कोणता विचारलाच गेला नाही, यावर पैशाची छाया पडते, असे मला वाटते. माध्यमांची मालकी कोणाकडे आहे, या प्रश्नासाठी मालक क्वचितच देणगी देतात.

त्यामुळे निधी कोणाचा एवढ्यावरच न थांबता देणगीदारांची नावे जाहीर आहेत का, प्रश्नावली कोणी ठरवली आणि निष्कर्ष प्रतिकूल असले तरी ते प्रसिद्ध करण्याचा हक्क केंद्राकडे आहे का, हे पाहावे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील रॉयटर्स इन्स्टिट्यूटचा वार्षिक डिजिटल न्यूज रिपोर्ट घ्या. त्याच्या प्रायोजकांत गूगलचाही समावेश आहे आणि ती गोष्ट अहवालातच छापलेली असते. त्या अहवालातील भारतासाठीचा नमुना प्रामुख्याने इंग्रजी जाणणाऱ्या आणि इंटरनेट वापरणाऱ्यांचा असतो, हेही तेथे स्पष्ट सांगितलेले असते. तरीही ‘भारतीय लोक बातम्या अशा वाचतात’ असे मथळे आपल्याकडे बिनदिक्कत छापले जातात. यात दोष केंद्राचा नसून टीप न वाचणाऱ्याचा आहे.

सध्या पैशापेक्षा कठीण अडचण सामग्रीची आहे. समाजमाध्यमांवर काय पसरते, हे पाहण्यासाठी संशोधक आणि पत्रकार वापरत असलेले क्राउडटँगल हे साधन फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले. वृत्तपत्राचा जुना अंक ग्रंथालयात कोणालाही उघडून पाहता येतो. समाजमाध्यमांवर मात्र ज्याचा अभ्यास करायचा त्याचीच परवानगी घ्यावी लागते.

प्रश्न : नावाजलेली केंद्रेही बंद का पडतात, आणि त्यांच्या कामाचे पुढे काय होते?

उत्तर : शिकागोची ग्रंथालय-संस्था १९८९ मध्ये बंद झाली. बर्मिंगहॅम विद्यापीठात रिचर्ड हॉगर्ट यांनी १९६४ साली स्थापन केलेले आणि स्टुअर्ट हॉल यांच्या काळात जगभर पोहोचलेले समकालीन संस्कृती-अभ्यासाचे केंद्र कालांतराने विभागात रूपांतरित झाले होते. तो विभाग विद्यापीठाने २००२ साली पुनर्रचनेच्या नावाखाली बंद केला. अशा निर्णयांत पटसंख्या, संशोधनाच्या मूल्यमापनातील श्रेणी आणि व्यवस्थापनाची मर्जी यांचा वाटा असतो. विद्वत्तेचा आधार तेव्हा पुरेसा ठरत नाही. बर्मिंगहॅमचे विचार टिकले, कारण तेथील विद्यार्थी ठिकठिकाणी अध्यापक झाले आणि केंद्राने चक्रमुद्रित करून वाटलेले निबंध इतर ग्रंथालयांनी जपून ठेवले. सर्वेक्षणांच्या मूळ नोंदींना असे आपोआप संरक्षण मिळत नाही. म्हणून एखाद्या केंद्रात संशोधक म्हणून रुजू होताना आपण गोळा केलेल्या नोंदी कोणत्या अभिलेखागारात, कोणत्या स्वरूपात आणि कोणाच्या जबाबदारीवर राहतील, हे पहिल्याच करारात लिहून घ्यावे.