झुरळं मारायचं जेल मागवताय? आधी हे वाचा

दिवसाउजेडी ओट्यावर झुरळं फिरायला लागली, म्हणजे आतल्या फटी भरून गेल्यात असं समजा. घाबरू नका, पण स्प्रेची घाईही करू नका. स्प्रेने समोरची चार मरतात, बाकीची पांगतात आणि स्प्रे मारलेल्या जागी जेल (झुरळं खाऊन मरतात ते ट्यूबमधलं विषारी आमिष) लावलं तर त्याला तोंडही लावत नाहीत.

मानेमागे दोन काळ्या उभ्या रेघा असलेलं लहान तपकिरी झुरळ असेल, तर ते जर्मन झुरळ. त्याची मादी 30 ते 40 अंड्यांची पिशवी पिल्लं निघेपर्यंत पोटामागे वागवते. म्हणून एकदा जेल लावून भागत नाही; दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लावाच. काडीच्या गुलाएवढे ठिपके द्या: बिजागऱ्यांत, सिंकखाली, फ्रिजच्या मोटरजवळ. मुलांचा आणि पाळीव प्राण्यांचा हात-तोंड पोचेल तिथे अजिबात नको. रात्री सिंक कोरडं ठेवा, त्यांना पाणी लागतंच.

आता ऑनलाइन मागवण्याबद्दल. माझं पार्सल दहा दिवस न उघडता पडलं होतं. उघडलं तर टोपण सैल, जेल सुकून खडा झालेलं, आणि परतीची मुदत संपलेली. तेव्हापासून पार्सल आलं की त्याच दिवशी, मोबाइलवर व्हिडिओ सुरू करूनच फोडते. फोटोत चार ट्यूब दिसतात, येते एक; वजन ग्रॅममध्ये वाचा. 'परत घेतलं जाणार नाही' ही ओळ आणि घटकाचं नाव पैसे भरण्याआधी बघा. ट्यूब हातात आली की एक्स्पायरीची तारीख आधी तपासा.