शेतातलं घर थंड हवं असेल तर आधी छताचं ठरवा

तुम्ही विचारलंय की विदर्भात शेतावर इथल्याच साहित्याचं फार्महाऊस बांधायचं आहे, मे महिन्यातही त्यात राहता आलं पाहिजे, तर भिंती कशाच्या घ्याव्यात आणि खर्च किती येईल. भिंतींबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंय. छताबद्दल मात्र एकच ओळ आहे, 'वर स्लॅब टाकणारच आहोत.' त्या ओळीपायी मी हे उत्तर लिहायला बसले, कारण नेमक्या त्याच गोष्टीवरून आमच्या घरात मोठं भांडण झालं होतं.

आमचं वावर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आहे. तिथे घर बांधायचं ठरलं तेव्हा माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, जे स्वतः बांधकामाचे ठेके घेतात, मातीच्या भिंतींना कसेबसे तयार झाले. छतावर मात्र अडले. "भिंती कशाच्याई करा, पन वर स्लॅब पायजे. कवेलू टाकले तं सोयरे म्हनतीन कोठ्यात राह्यतेत." कवेलू म्हणजे कौलं आणि कोठा म्हणजे गुरांचा गोठा. मामाजी, म्हणजे सासरे, काहीच बोलले नाहीत. भासऱ्यांसमोर सुनेनं तोंड उघडू नये अशी आमच्याकडे अजून रीत आहे, पण त्या दिवशी मी बोलले, आणि आजही माझं म्हणणं तेच आहे.

आपण साधारण २१ अंश अक्षांशावर राहतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो तेव्हा, भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. त्या वेळी दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागतच नाही, सगळं छत झेलतं. चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर ते पितो आणि संध्याकाळपासून खाली सोडायला लागतो. बाहेर अंगणात रात्री दहाला वारा सुटलेला असतो आणि आत मात्र अंथरूणही गरम लागतं. खाली दीड फुटाची मातीची भिंत आणि वर उघडा स्लॅब, म्हणजे भिंतीवर घातलेले पैसे पाण्यात.

शेवटी 'हे' माझ्या बाजूनं उभे राहिले आणि छत माझ्या मनासारखं झालं. खोल्यांवर सागाच्या तुळया, तुळयांवर बांबूचे आडवे तुकडे जवळजवळ बांधलेले, त्यावर बुरडाकडून विणून घेतलेले तट्टे, आणि तट्ट्यांवर चार बोटं जाड गारा. हा गारा पांढऱ्या मातीचा, त्यात तुरीचं आणि गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा. पाणी घालून आठवडाभर कुजू दिला, रोज तुडवला. कुजला की त्याला आंबूस वास येतो आणि हाताला लोण्यासारखा चिकट लागतो, तेव्हाच तो लावायचा. घाई केली की भेगा पडतात. ह्या पाटाईच्या वर माणूस वाकून जाईल एवढी मोकळी जागा आणि मग कवेलूचं उतरतं छप्पर. दोन्ही त्रिकोणी भिंतींना वर झरोके ठेवलेत, त्यामुळे कवेलूखाली तापलेली हवा तिथूनच निघून जाते, खाली येत नाही.

भिंतींबद्दल थोडक्यात. वावरातली काळी माती भिंतीला घेऊ नका. एप्रिलमध्ये तुमच्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तशाच त्या भिंतीला पडतील. पायाही काळ्या मातीवर थांबवायचा नाही, मुरूम लागेपर्यंत खोदायचा. जोतं काळ्या दगडाचं, किमान दोन फूट. घर पूर्व-पश्चिम लांब ठेवा, दारं-खिडक्या उत्तर-दक्षिण. पश्चिमेला खिडकी नकोच. तिकडे धान्याची कोठी आणि न्हाणी टाका आणि बाहेर कडुनिंब लावा. आमच्या इंजिनिअरनं पश्चिमेला मोठी काचेची खिडकी काढून दिली होती, सूर्यास्त दिसावा म्हणून. मी ती खोडली. पावसाचा झोडही पश्चिमेकडूनच येतो, म्हणून त्या बाजूला पाख तीन फूट तरी बाहेर काढा. मे महिन्यात सकाळी आठलाच खिडक्या लावायच्या आणि रात्री सगळ्या उघडायच्या. हे पाळलं नाही तर कोणतंच घर थंड राहत नाही.

माझ्यावर विश्वास नको असेल तर सेवाग्रामला जाऊन या. तिथल्या गांधीजींच्या आश्रमातला आदी निवास १९३६ सालचा आहे आणि शेजारी बापू कुटी. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू, दुसरं काही नाही. मे महिन्यात दुपारी दोनला जा, म्हणजे छप्पर आणि पडवी काय काम करतात ते अंगाला कळेल. वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, त्यांनी मातीच्या घरांवर वर्षानुवर्षं काम केलंय. बांबूचं शिकायचं असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं बांबू प्रशिक्षण केंद्र. आणि शेतातला बांबू तोडायला घाबरू नका, २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू झाड म्हणून मोजला जात नाही.

भासरे अजूनही लग्नाकार्यात सांगतात की कवेलू हे गरिबीचं लक्षण. मला हे पटत नाही आणि कधी पटणारही नाही. ज्या छताखाली म्हातारं माणूस रात्री झोपू शकत नाही ते छत श्रीमंतीचं कसं? तुमच्या घरातही कोणी सोयऱ्यांचं नाव घेऊन स्लॅबचा आग्रह धरत असेल, तर त्या सोयऱ्यांना मे महिन्यात मुक्कामाला यायचंय का ते आधी विचारा. बहुतेक जण दिवाळीत येऊन जातात. उन्हाळा आपल्यालाच काढायचा असतो.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. देशी कवेलू वानरं फोडतात. टोळी आली की एका दुपारी शंभर-दीडशे सहज जातात, आणि दरवर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरावे, म्हणजे काढून पुन्हा नीट रचावे लागतात. नवे कवेलू करणारे कुंभारही कमी राहिलेत, आम्ही पडलेल्या घरांचे विकत घेतले. ही दगदग नको असेल तर जाड मंगलोरी कौलं घ्या, खालची पाटाई मात्र सोडू नका. उधईचं, म्हणजे वाळवीचं म्हणाल तर बांबू आणि सागाचं टोक कुठेही मातीला टेकू द्यायचं नाही, आणि बांबू बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवूनच वापरायचा. स्लॅब आधीच पडला असेल तर पाडू नका, वर चुना मारा आणि उन्हाळाभर तुऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा मांडव टाका, बराच फरक पडतो.

खर्चाचा आकडा देत नाही, कारण माती जवळपास फुकट पडते आणि पैसा सागात आणि मजुरीत जातो. मजुरी तुमच्या गावात गारा तुडवणारी माणसं उरलीत का, त्यावर ठरेल. आधी ती माणसं शोधा.