पाचवी लेव्हल, पण कुठली?

प्रश्न : ताई, आम्ही पाच जण दर रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं वठवत, फासे टाकत खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. माझा विझर्ड (जादूगार) नुकताच पाचव्या लेव्हलला गेला. मी पाचव्या लेव्हलचे स्पेल (मंत्र) शोधत बसलो, तर डीएम (खेळ चालवणारा डंजन मास्टर) म्हणाला, तुला फक्त तिसऱ्यापर्यंतचे. हा कुठला न्याय? आणि त्यापेक्षा ही लेव्हल फायटरची घेऊन चिलखत चढवलं तर? – एक वाचक, नाशिक

उत्तर : डीएमवर रागावू नकोस, बिचारा बरोबर सांगतोय. घोळ शब्दाचा आहे. पात्राची लेव्हल वेगळी, स्पेलची वेगळी, आणि तळघराच्या मजल्यालाही लेव्हलच म्हणतात. या खेळाचा एक निर्माता गॅरी गायगॅक्स याने १९७८च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्येच हे कबूल केलंय. वेगळे शब्द वापरायचा विचार झाला होता, पण तोवर लोकांच्या तोंडी ‘लेव्हल’च बसलं होतं. आपण अजून निस्तरतोय.

विझर्डचं गणित सोपं आहे. दर विषम लेव्हलला स्पेलची एक नवी पायरी उघडते. पहिलीला पहिली, तिसरीला दुसरी, पाचवीला तिसरी, असं करत सतराव्या लेव्हलला नववी. तिथे शिडी संपते.

आता चिलखत. मल्टिक्लास करताना (म्हणजे एकाच पात्राला दोन पेशे देताना) दोन हिशेब वेगळे ठेवायचे. प्रोफिशियन्सी बोनस (सराईतपणामुळे फाशावर मिळणारी भर) एकूण लेव्हलवर ठरतो, म्हणजे फायटर घेतलास तरी तो २चा ३ होणारच. ‘फायर बोल्ट’सारख्या कँट्रिपचंही (हवा तितक्या वेळा टाकता येणाऱ्या साध्या मंत्राचंही) तसंच, माऱ्याला एकाऐवजी दोन डी-टेन, म्हणजे दहा बाजूंचे फासे. पण तिसऱ्या पायरीचे स्पेल विझर्डच्या लेव्हलवर मिळतात, आणि ती तुझी चारच राहील. म्हणजे ‘फायरबॉल’ पुढच्या खेपेला. आठ डी-सिक्स, एका दमात अख्खी टोळी! शिवाय फायटरकडे असे मागच्या दाराने गेलास तर जड चिलखत मिळत नाही, मध्यम चिलखत आणि ढालीवर भागवावं लागतं. इंटेलिजन्स १३ आणि स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी १३ हवी, हे आणखी वर.

मी हाच उद्योग केला होता. ढाल घेऊन मिरवले, आणि पुढची लेव्हल येईपर्यंत शेजारच्या सॉर्सररने (तोही जादूगारच) फायरबॉल टाकला की टाळ्या वाजवल्या. तुला फायटर हवाच असेल तर आधी फायरबॉल घे, मग बघू.

प्रश्न : चौथ्या लेव्हलला माझे २७०० एक्सपी (अनुभवाचे गुण) होते. पाचवीला ६५०० लागतात, म्हणजे अजून ६५०० कमवायचे? आमचा जन्म जाईल. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही गं. तक्त्यातले आकडे सुरुवातीपासूनच्या एकूण बेरजेचे असतात. तुला ३८०० कमी आहेत. आणखी एक पाहून घे : एक्सपी वाटून घेता ना? चार गॉब्लिन प्रत्येकी ५० आणि एक ओगर ४५०, झाले ६५०. तुम्ही पाच असाल तर प्रत्येकीला १३०. एका बाईंच्या ग्रुपमध्ये प्रत्येक जण अख्खे ६५० लिहायचा आणि महिन्याभरात सगळे महारथी!

हिशेब नको असेल तर डीएमला माइलस्टोन मागा : कथेतला मोठा टप्पा पार झाला की सगळे एकदम वर. मी स्वतः आता तेच करते. एक्सपी मोजायला लागलं की पोरं वाटेतल्या बेडकालाही मारतात.

प्रश्न : लेव्हल अपला हिट पॉइंटसाठी (पात्र किती मार सोसेल त्या आकड्यासाठी) फासा टाकावा की ठरलेला आकडा घ्यावा? – एक वाचक, सांगली

उत्तर : आकडा घे. फायटरच्या डी-टेनची सरासरी साडेपाच, पण पुस्तक ६ देतं. विझर्डच्या डी-सिक्सची साडेतीन, देतं ४. दर लेव्हलला अर्धा पॉइंट फुकट, तो कोण सोडतं? वर कॉन्स्टिट्यूशनचा (पात्राच्या काटकपणाचा) मॉडिफायर आहेच.

पण तुला दान टाकायची खाजच असेल, तर टाक बापडा. माझ्या बार्बेरियनला डी-ट्वेल्व्हवर लागोपाठ दोनदा १ पडला होता. एवढा धिप्पाड गडी, आणि मारामारीत विझर्डच्या मागे लपायचा. फक्त एक अट : फासा सगळ्यांसमोर टाकायचा. घरून टाकून आणलेलं बारा माझ्या टेबलावर चालत नाही.